थंडीत आणि पावसात गाडी चालवायला ग्लोव्हज कोणते घ्यावेत?

पहिली_पाळी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

मंडळी, ग्लोव्हजबद्दल सल्ला हवा आहे.

मी कोथरूडला राहतो आणि कामाला चाकणला जातो. पहिली पाळी सातची, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. चांदणी चौक, बाह्यवळण, वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी हा रोजचा रस्ता. जाऊन-येऊन पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. गाडी दीडशे सीसीची, पुढं काच नाही, हँडगार्ड नाहीत.

पावसाळाभर एक जोडी वापरली. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ' लिहिलं होतं. जोराचा पाऊस असला की भोसरी यायच्या आत बोटं भिजायची, आणि एकदा भिजली की ती जोडी दोन-तीन दिवस वाळायची नाही. रोज ओल्या ग्लोव्हजमध्ये हात घालायचा.

आता थंडी सुरू झाली. मोशीच्या पुढं इंद्रायणीच्या पुलावर धुकं असतं, तिथून जाताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर आहे की नाही तेच कळत नाही. परवा कंपनीच्या गेटवर हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं तर मशीन घेईना. चार वेळा ठेवलं. मागं रांग. शेवटी रखवालदारकाकांनी स्वतःच्या चहाचा कप माझ्या हातात दिला, तो दोन मिनिटं धरून उभा राहिलो तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला.

तर प्रश्न असा: थंडी आणि पाऊस दोन्हींना चालेल अशी एकच जोडी मिळते का? बजेट तीन हजारांपर्यंत. चामडं घ्यावं की कापडी? आणि दुकानात बघताना नेमकं काय तपासायचं?

घाटवेडा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४८

एकच जोडी शोधू नका. दोन घ्या. अकरा वर्षं ताम्हिणी, वरंधा, माळशेज सगळं गाडीवर करतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडची थंडी एकत्र येत नाहीत. जुलैत ताम्हिणीत धो धो कोसळत असतं, पण हवा वीस अंशांच्या वर असते. डिसेंबरात पहाटे आठ-दहा अंश असतात, पण कोरडं. हे दोन निराळे त्रास आहेत. पावसाळ्याच्या जोडीत जाड अस्तर असलं की ते पाणी धरून ठेवतं आणि वाळत नाही. तुमचं तेच झालंय. पावसाला पातळ, अस्तर नसलेली, पटकन वाळणारी जोडी. थंडीला वारा अडवणारी, आतून मऊ अस्तराची. तीन हजारांत दोन्ही बसतात.

शनिवारचा_गिअर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

घाटवेडा, हे पुण्यापुरतं ठीक. पण ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला जाऊन या. पुण्यात वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं पाच हजारांच्या वर. वेण्णा तलावाजवळ ढगात शिरलात की पाऊस आणि थंडी दोन्ही एकदम मिळतात. तिथं तुमची पातळ जोडी घालून दोन तास गाडी चालवून दाखवा.

माझं मत: पैसे साठवा आणि गोअर-टेक्सचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पडद्याचं, अस्तर असलेली एकच चांगली जोडी घ्या. माझी सहा वर्षं चालली आहे.

घाटवेडा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:११

महाबळेश्वरचं मान्य. पण त्यांना रोज चाकणला जायचंय. आणि गोअर-टेक्सची जोडी तीन हजारांत कुठून आणणार?

नळस्टॉपवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यात स्वस्त उपाय: औषधाच्या दुकानात निळे नायट्राइलचे हातमोजे मिळतात, शंभराचा डबा. ते आत घालायचे आणि वर नेहमीचे ग्लोव्हज. बाहेरचे चिंब झाले तरी हात कोरडा आणि वारा अजिबात लागत नाही. दिवाळीत कासला जाताना मी हेच केलं.

मुळशीमार्गे | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नळस्टॉपवाला, पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासाला हे छान आहे. तासाभरानं मात्र हात घामानं भिजतो, बोटांना सुरकुत्या पडतात. मग धाकर्त्याचं (धागा सुरू करणाऱ्याचं) मशीन त्यांना आणखीच ओळखणार नाही :)

मला मापाबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि माझा सगळ्यात जास्त त्रास तिथंच झाला. माझे हात लहान आहेत. दुकानात बायकांच्या मापाचे मागितले की गुलाबी रंगाचे, सुती, उन्हापासून वाचवणारे दाखवतात. म्हणून दोन वर्षं पुरुषांचं स्मॉल वापरलं. तळव्याला बसायचं, पण बोटं पाऊण इंच लांब. त्या रिकाम्या टोकात गार हवा साठते आणि क्लच धरताना टोकाची घडी लिव्हर आणि ग्रिपच्या मधे अडकते. पिरंगुटच्या उतारावर एकदा क्लच पूर्ण दाबलाच गेला नाही, कारण कापड मधे आलं होतं. मागून डंपर. गाडी बंद पडली असती तर काय झालं असतं हे मी नंतर घरी बसून खूप वेळ विचार करत होते.

दुसऱ्या टोकाला, जास्त घट्ट ग्लोव्हजमध्ये हात जास्त गार पडतो. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. अस्तर दाबलं गेलं की हवाच राहत नाही. शिवाय रक्तही नीट फिरत नाही.

माप असं घ्या: अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवरून तळव्याभोवती टेप फिरवा, मूठ किंचित वळवून. ज्या हातानं लिहिता तो हात मोजा, तो बहुधा थोडा मोठा असतो. मग दुकानात घालून नुसते हात पसरून बघू नका. दुकानदाराला सांगा आणि बाहेर आपल्या गाडीवर बसून हँडल धरा. हात वळला की बोटांची टोकं मागं ओढली जातात. तेव्हा बोटाच्या टोकापुढं दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. इंडिकेटरचं बटण अंगठ्यानं चाचपून बघा, ते नुसत्या स्पर्शानं सापडलं पाहिजे.

ओपीडीनंतर | १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

मुळशीमार्गे यांच्या प्रतिसादाला +१. डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो, गाडी मीही चालवतो.

शरीराला थंडी वाजायला लागली की ते आधी छाती आणि पोट सांभाळतं. हातापायांकडच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरम रक्त आतल्या अवयवांसाठी राखलं जातं. म्हणजे हात गार पडण्याचं मूळ बऱ्याचदा हातात नसतं, छातीत असतं. पातळ जॅकेट घालून कितीही महागडे ग्लोव्हज घातलेत तरी बोटं गारच राहतील. आधी छातीवर वारा अडवा, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळा. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

दुसरं, हाताच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची सफाई कमी व्हायला लागते. वेदना सुरू होण्याच्या आधीच ब्रेकवरचा अंदाज बिघडलेला असतो. म्हणून 'सहन होतंय' एवढ्यावर जाऊ नका. अंगठा करंगळीला टेकवता येतोय का ते सिग्नलला थांबल्यावर बघा. जमत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

तिसरं, हँडल आवळून धरू नका. घट्ट मुठीत रक्त कमी पोचतं. आणि थांबल्यावर चहा घ्या, पण सिगारेट नको. निकोटीननं याच रक्तवाहिन्या आणखी आकुंचन पावतात.

कुणाची बोटं गारठ्यात पांढरीफटक पडत असतील, मग निळसर आणि गरम झाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर त्याला रेनॉडचा विकार म्हणतात. त्यांनी ग्लोव्हज बदलत बसण्यापेक्षा आधी डॉक्टरांना दाखवावं.

पहिली_पाळी | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

डॉक्टरसाहेब, अंगठा करंगळीला टेकवून बघितला. आज मोशीच्या सिग्नलला टेकला नाही. उजव्या हाताचा तर अनामिकेपर्यंतसुद्धा पोचला नाही. याच हातानं मी पुढचा ब्रेक मारतोय.

उष्मागतिक | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

आकडे बघा म्हणजे कल्पना येईल. वाऱ्यामुळं वाटणाऱ्या थंडीचं जे प्रचलित सूत्र आहे त्यानुसार हवा १० अंश आणि वेग ताशी ६० किमी असेल तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांइतकं गार लागतं. ८ अंश आणि ताशी ७० असेल तर २ अंशांच्या आसपास. तुम्ही पहाटे बाह्यवळणावर याच वेगानं जात असणार.

हे कोरड्या हाताचं. ओल्या ग्लोव्हजचं गणित आणखी वाईट. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५८० कॅलरींच्या आसपास उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी तुमच्या बोटांकडून घेतली जाते. मातीच्या माठात पाणी गार होतं ते याच कारणानं. ओले ग्लोव्हज घालून साठच्या वेगानं जाणं म्हणजे हाताचा माठ करणं.

त्यामुळं पहिलं काम वारा अडवणं. हँडगार्ड बसवा. प्लास्टिकचे साधे मिळतात, बसवायला अर्धा तास लागतो. नाना पेठेत नेऊन तुमच्या गाडीच्या हँडलला बसतात का बघून घ्या. ग्लोव्हजवर हजार रुपये जास्त घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

चेतकवाले_काका | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

माठाची उपमा आवडली.

आमच्या वेळी ग्लोव्हज वगैरे काही नव्हतं. वडील दुधाचा रतीब घालायचे, हडपसरहून कॅम्पात, पहाटे चारला निघून. थंडीत हाताला लोकरीचे मोजे, आईनं विणलेले. त्यांना अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. चारी बोटं एकमेकांना चिकटून राहायची म्हणून ती गार पडायची नाहीत. पण ब्रेक धरायला अवघड जायचं, म्हणून आईनं नंतर तर्जनी वेगळी काढून दिली. बाकी तीन एकत्र. तो मोजा मी अजून जपून ठेवलाय. उजव्या हाताच्या तळव्याला हँडलवर घासून भोक पडलं होतं, तिथं तिनं जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा शिवला होता. टाके बाहेरून घातले होते, आत टोचू नयेत म्हणून.

छातीवर सदऱ्याच्या आत कालचं वर्तमानपत्र. डॉक्टर म्हणतात ते खरं आहे, हात त्यानंच गरम राहायचे.

शिवणीतला_दोरा | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

काका, टाके बाहेरून घालणं ही फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. चांगल्या मोटरसायकल ग्लोव्हजमध्ये आजही बोटांच्या शिवणी बाहेर काढतात, आत टोचू नये आणि लिव्हरचा अंदाज नीट यावा म्हणून. तुमच्या आईंना ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि तीन बोटं एकत्र ठेवणारे ग्लोव्हज आता थंड देशांत मुद्दाम बनवून विकतात.

मी चामड्याच्या शिवणकामात आहे, गाडीचे ग्लोव्हज दुरुस्तीला येतात. धाकर्त्याच्या 'वॉटरप्रूफ' जोडीत पाणी का गेलं ते सांगतो.

बाहेरच्या कापडाला किंवा चामड्याला शेकडो टाके असतात, प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. त्यामुळं बाहेरचा थर पाणी कधीच पूर्ण अडवत नाही. पाणी अडवते ती आतली पडद्याची पिशवी, हाताच्या आकाराची, बाहेरचा थर आणि अस्तर यांच्या मधे ठेवलेली. गोअर-टेक्स हा तसाच एक पडदा. बॉब गोअर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला, त्यातून ती बारीक छिद्रांची जाळी मिळाली. वाफ जाते, थेंब जात नाही. स्वस्त जोडीत बऱ्याचदा ही पिशवीच नसते. नुसतं कापडावर पाणी ओघळवणारं रसायन फवारलेलं असतं, ते थोड्याच दिवसांत उडतं. दुकानात ओळखायचं असेल तर एका हातानं बाहेरचं कापड चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घालून अस्तर हलवा. मधे तिसरा थर सरकताना कुरकुर आवाज येतो, पातळ पिशवीसारखा. तो आला नाही तर पडदा नाही असं समजायला हरकत नाही.

पडदा असला तरी बाहेरचं कापड पाणी पितंच. ते जड होतं, गार होतं. आणि आपल्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की आतली वाफ बाहेर जायला जागा नाही. म्हणून हात घामानं ओलसर होतो आणि माणसाला वाटतं पाणी शिरलं. घरी तपासा: ग्लोव्हजच्या बोटांत टिश्यू पेपर कोंबा, मनगटाचा भाग पाण्याबाहेर ठेवून बादलीत पाच मिनिटं बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तर जोडी चांगली आहे, पाणी मनगटातून शिरतंय.

एक कळकळीची विनंती. ओला हात ग्लोव्हजमधून उपसून काढू नका. अस्तर बोटांच्या टोकाला फक्त एक-दोन ठिकाणी पकडलेलं असतं. ते सुटलं की उलटं होऊन बाहेर येतं आणि परत नीट बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याचशा याच. एकेक बोट टोकाला धरून थोडं थोडं सैल करा, मग काढा.

शनिवारचा_गिअर | ११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

शिवणीतला दोरा, फार उपयोगी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मनगटाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, लांब मनगटाचे घ्यायचे आणि जॅकेटच्या बाहीच्या वरून घालायचे. बाहीचं तोंड झाकलं जातं.

घाटवेडा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:२५

अजिबात नाही! रेनकोटची बाही ग्लोव्हजच्या वर हवी. बाहीवरून ओघळणारं पाणी सरळ ग्लोव्हजमध्ये जातं, तुम्ही नरसाळं लावून हातात पाणी भरताय.

शनिवारचा_गिअर | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३१

गाडी चालत असताना पाणी ओघळत नाही, वाऱ्यानं मागं ढकललं जातं. बाही वर असेल तर समोरचा वाराच पाणी बाहीत घुसवतो.

नळस्टॉपवाला | ११ नोव्हेंबर, दुपारी १:४०

हा वाद दर पावसाळ्यात होतो आणि ऑक्टोबरात संपतो. यंदा नोव्हेंबरातही चालू.

मुळशीमार्गे | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

मी आज गच्चीत करून बघितलं.

गाडी काही गच्चीत नेता आली नाही, म्हणून दोन खुर्च्यांच्या पाठींवर झाडू आडवा बांधला, हँडलच्या उंचीला. रेनकोट घातला, दोन्ही मनगटांत आणि बोटांत वर्तमानपत्राच्या पट्ट्या. एका हाताला बाही वर, दुसऱ्या हाताला ग्लोव्ह वर. भावानं झाडांना पाणी घालायच्या झारीनं खांद्यापासून दोन्ही हातांवर सारखं पाणी ओतलं, पाच झाऱ्या. शेजारच्या काकू कठड्याशी येऊन थांबल्या, मग त्यांनीच दुसरी झारी भरून आणून दिली.

निकाल: हात कोपरापेक्षा खाली असताना, म्हणजे माझ्या गाडीवर बसल्यासारखं बसलं की, ग्लोव्ह वर असलेल्या हाताच्या पट्ट्या मनगटापासून बोटांपर्यंत चिंब. बाही वर असलेला हात कोरडा. मग झाडू वर बांधला, हात कोपराच्या वर जातील असा. उंच हँडलच्या गाड्यांवर बसतात तसं. आता उलटं झालं. बाही वर असलेल्या हाताच्या कोपरापर्यंत पाणी पोचलं आणि ग्लोव्ह वर असलेला हात जवळजवळ कोरडा राहिला.

म्हणजे तुम्ही दोघंही आपापल्या गाडीवर बरोबर आहात. पाणी उताराच्या दिशेनं जातं, कोपर वर की मनगट वर एवढं बघायचं. वाऱ्याचा मुद्दा मात्र झारीनं तपासता आला नाही.

घाटवेडा | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

ताई, दंडवत. माझी गाडी साधी, सरळ हँडलची. शनिवारचा गिअर यांची उंच हँडलची आहे हे मला माहितीय, दोन वर्षांपूर्वी भोरला भेटलो होतो. तिथंच थांबून बोललो असतो तर हा वाद तेव्हाच मिटला असता.

शनिवारचा_गिअर | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

मान्य. शेजारच्या काकूंनाही नमस्कार सांगा.

उतारावर_न्यूट्रल | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मी तर भांडी घासायचे रबरी मोजे वरून घालतो. मोठ्या मापाचे. नाहीतर दुधाची पिशवी. थेंबभर पाणी जात नाही.

ओपीडीनंतर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

रबरी मोजे हळू गाडीवर, गावातल्या गावात समजू शकतो. पिशवी कृपा करून नको. ओलं प्लास्टिक लिव्हरवरून सटकतं. आणि पडल्यावर माणूस पहिल्यांदा हात टेकवतो, हे मी रोज बघतो. तळवा रस्त्यावर चिकटून थांबतो, शरीर पुढं जातं आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं हाड मोडतं. स्कॅफॉइड म्हणतात त्याला. रक्तपुरवठा कमी असल्यानं ते जुळायला महिनोन्महिने लागतात. म्हणून चांगल्या ग्लोव्हजच्या तळव्याला, मनगटाच्या बाजूला, गुळगुळीत कडक बटणासारखा भाग बसवलेला असतो. हात चिकटण्याऐवजी घसरावा, यासाठी तो असतो. थंडी-पावसाचा विचार करताना हे विसरू नका.

शिवणीतला_दोरा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

डॉक्टरांच्या मुद्द्याला धरून: आतल्या पट्टीवर गाडीचं चित्र आणि ईएन १३५९४ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आहे का बघा. चित्राखाली १ किंवा २ असा आकडा असतो, २ म्हणजे जास्त संरक्षण. 'केपी' अक्षरं असली तर बोटांच्या मुळांवरचं कवचही चाचणीत उतरलेलं आहे. नुसतं बाहेरून टणक प्लास्टिक चिकटवलेलं असणं म्हणजे संरक्षण नव्हे.

चामडं की कापड या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. घासण्याला चामडं उत्तम, त्यातही बकऱ्याचं पातळ असून चिवट. पण पावसात ते पाणी पितं, रंग सोडतं, हात काळे होतात आणि आपल्या दमट हवेत दोन आठवड्यांत बुरशी धरतं. रोजच्या पावसाला कापडी, तळव्यावर मात्र चामड्याचा किंवा मजबूत दुहेरी थर असलेली. थंडीला चामडं चालेल. डाव्या तर्जनीवर किंवा अंगठ्यावर रबराची पट्टी असेल तर फारच छान, हेल्मेटची काच पुसता येते.

उतारावर_न्यूट्रल | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

डॉक्टर, पिशवी बंद. आजपासून.

पण वाळवायचं कसं ते सांगा. मागच्या वर्षी मुळशीला चहासाठी थांबलो होतो, मित्रानं ओले ग्लोव्हज सायलेन्सरवर ठेवले. चहा येईपर्यंत तळव्याचं कापड वितळून सायलेन्सरला चिकटलं.

चेतकवाले_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

वर्तमानपत्राचे बोळे करून बोटांत कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. मग बोटं वर करून पंख्याखाली. ऊन किंवा शेगडी नको, चामडं कडक होतं. कागद आपण नुसता वाचून टाकून देतो, त्याचे उपयोग फार आहेत.

उष्मागतिक | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

गरम होणाऱ्या ग्रिपबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. मस्त असतात, पण तीस-चाळीस वॅट खातात. छोट्या गाडीवर आधी चार्जिंग झेपेल का ते मेकॅनिककडून तपासा. आणि त्या तळव्याला ऊब देतात, वारा मात्र बोटांच्या पाठीवर लागतो. हँडगार्डशिवाय ग्रिप म्हणजे अर्धंच काम.

पहिली_पाळी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितोय, पण सगळं करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

सगळ्यात आधी हँडगार्ड बसवले. त्याच आठवड्यात जुन्याच ग्लोव्हजमध्ये करंगळी जाणवायला लागली. मग गाडीवर बसून, हँडल धरून थंडीची जोडी घेतली: तळव्याला चामडं, पाठीला वारा अडवणारं कापड, आत पातळ मऊ अस्तर, मनगट बाहीत जाईल इतकं आखूड. चार दुकानं फिरलो. पहिल्या दुकानदारानं गाडीपर्यंत न्यायला नाही म्हटलं, तिथून निघालो. मापात लार्ज वापरत होतो, निघालं मीडियम. इतकी वर्षं बोटांच्या पुढं रिकामी जागा घेऊन फिरत होतो.

पावसाळ्याची जोडी मे महिन्यात घेईन, कुरकुर आवाज ऐकूनच. जुनी जोडी बादलीत बुडवून बघितली. टिश्यूचा लगदा झाला.

जॅकेटच्या आत कालचा पेपरही घालून बघितला, काका. दोन दिवस घातला, मग बायकोनं बिनबाह्यांचं जाड जाकीट आणून दिलं.

आज पहाटे बाईकच्या डिस्प्लेवर ११ अंश होते. मोशीच्या सिग्नलला अंगठा करंगळीला टेकला, दोन्ही हातांचा. गेटवर बोट ठेवलं, पहिल्याच वेळी हिरवा दिवा. रखवालदारकाका चहा घेऊन उभे होते. तो आज नुसता प्यायला घेतला.

चेतकवाले_काका | १ डिसेंबर, सकाळी ५:५०

वा! त्या रखवालदारांना रात्रभर गेटवर उभं राहावं लागतं. त्यांच्या हाताला काय आहे?

पहिली_पाळी | १ डिसेंबर, रात्री ८:३०

काही नाही. मी आज विचारलं. माप घेऊन आलोय, लार्ज.